पंधरा रात्री आणि चार मुक्काम: एका पुणेकर कुटुंबाच्या युरोप सहलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातील एका चौघांच्या कुटुंबाने मे महिन्याची अखेर आणि जूनचा आरंभ या काळात, प्रवासी कंपनीबरोबर न जाता, स्वतःच्या आखणीने युरोप पाहण्याचे ठरवले. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, मुलगी १४ वर्षांची आणि पतीच्या आई ६९ वर्षांच्या. आजींचे गुडघे बरीच वर्षे दुखतात; सपाट रस्त्यावर त्या सावकाश तासभर चालतात, पण जिने त्यांना जड जातात. पती-पत्नींना एकाच वेळी मिळू शकणारी रजा दोन आठवड्यांची होती. तिच्या मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडल्यावर शनिवारी सकाळी युरोपात उतरायचे आणि तिसऱ्या रविवारी संध्याकाळी परतीचे विमान पकडायचे, असा हिशेब बसला. म्हणजे हाताशी १५ रात्री होत्या.

पैशांची मर्यादा होती, परंतु त्यावरून फारशी ओढाताण झाली नाही. आखणी अडली ती कोणत्या गावी किती दिवस राहायचे या एकाच प्रश्नावर. मी सहलींच्या आखणीबाबत सल्ला देत असल्याने, विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी त्यांनी आपला पहिला आराखडा माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात पॅरिस २, ब्रुसेल्स १, ॲमस्टरडॅम २, कोलोन १, ल्युसर्न २, इंटरलाकेन १, मिलान १, व्हेनिस १, फ्लॉरेन्स २ आणि रोम २ अशा रात्री लिहिल्या होत्या. दहा गावे, पंधरा रात्री.

हा आराखडा निष्काळजीपणाने केलेला मुळीच नव्हता. गाड्यांच्या वेळा पाहिलेल्या होत्या, गावांचा क्रम नकाशावर सरळ पुढे सरकत होता आणि एकाही ठिकाणी उलटे मागे यावे लागत नव्हते. तरीही तो अमलात आणण्याजोगा नव्हता, आणि त्याचे कारण तो कोठून आला होता त्यात सापडले. कुटुंबाने एका प्रवासी कंपनीची पुस्तिका समोर ठेवली होती आणि तिच्यातील गावांची यादी जवळजवळ तशीच उचलून, फक्त बसच्या जागी रेल्वे घातली होती. कंपनीच्या सहलीत बस हॉटेलच्या दारातून निघते आणि पुढच्या हॉटेलच्या दारात थांबते, बॅगा बसच्या पोटात जातात, खोल्यांच्या किल्ल्या सहलप्रमुख वाटतो आणि वाटेतील गाव दोन तासांत दाखवून बस पुढे निघते. गाव बदलण्याचा भार तेथे कंपनी वाहते. ज्यांना थोड्या दिवसांत पुष्कळ देशांची ओझरती ओळख हवी आहे त्यांच्यासाठी ती पद्धत योग्यच आहे, आणि महाराष्ट्रातील हजारो ज्येष्ठ नागरिकांनी तिच्यामुळेच युरोप पाहिला आहे. परंतु बस नसताना तोच कार्यक्रम केला, तर तो सारा भार कुटुंबाच्या अंगावर येतो, आणि या कुटुंबात तो पेलणारे हात चारच होते. कारण आजींना बॅग ओढता येत नव्हती आणि मुलीला स्वतःचीच बॅग पुरेशी होती.

पहिला हिशेब: रात्री वजा मुक्काम

मी त्यांना प्रथम एक साधी वजाबाकी करायला सांगितली. ज्या दिवशी आपण एका गावात उठतो आणि त्याच गावात झोपतो तो पूर्ण दिवस. एखाद्या गावी तीन रात्री राहिले तर असे दोन दिवस मिळतात, दोन रात्री राहिले तर एक, आणि एकच रात्र राहिले तर एकही नाही. म्हणून सबंध सहलीतील पूर्ण दिवसांची संख्या म्हणजे एकूण रात्री वजा एकूण मुक्काम. पंधरातून दहा गेले, पाच उरले. ही सहल त्यांच्या मनात सोळा दिवसांची होती. कागदावर मात्र तिच्यात पाचच पूर्ण दिवस होते, आणि तेही पाच वेगवेगळ्या गावांत एकेक असे विखुरलेले.

गाव बदलण्याच्या दिवशी नेमके काय होते, हेही त्यांनी माझ्या सांगण्यावरून एकदा तासांत मांडून पाहिले. हॉटेलची खोली साधारण सकाळी अकरापर्यंत सोडावी लागते आणि पुढची खोली बहुधा दुपारी तीनच्या सुमारास मिळते. बॅगा भरणे, न्याहारी, स्टेशन गाठणे, फलाट शोधणे, गाडीचा प्रवास, उतरल्यावर ट्राम किंवा मेट्रो, नवे हॉटेल, खोली मिळेपर्यंतची वाट, थोडी विश्रांती. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंतचा वेळ यातच जातो. संध्याकाळ उरते, पण युरोपातील बहुतेक संग्रहालये पाच-सहाला बंद होतात. पहिल्या आराखड्यात असे नऊ दिवस होते.

या वजाबाकीने गावे कमी करायला हवीत हे पटले, परंतु कोणती ठेवायची याचे उत्तर तिच्यातून मिळत नव्हते. त्यासाठी चौघांनी वेगवेगळे बसून, जे पाहिले नाही तर परतल्यावर खरोखर रुखरुख लागेल असे एकच ठिकाण लिहावे, असे ठरले. आजींनी बर्फाचे डोंगर लिहिले. मुलीने ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकचे घर लिहिले; त्या मुलीविषयी शाळेत वाचल्यापासून ते तिच्या मनात होते. पत्नीने पॅरिसची चित्रसंग्रहालये लिहिली आणि पतीने रोम. व्हेनिस चौघांपैकी कोणीही लिहिले नाही, याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. ते यादीत आले होते कारण ते प्रत्येक यादीत असते. ब्रुसेल्स, कोलोन आणि मिलान ही गावे तर केवळ वाटेवर पडतात म्हणून आली होती. फ्लॉरेन्ससाठी पत्नीने नंतर आग्रह धरला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

अशा रीतीने चार मुक्काम निश्चित झाले: ॲमस्टरडॅम, पॅरिस, बर्फाच्या डोंगरांसाठी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न आणि रोम. पंधरातून चार गेले, अकरा उरले. जाताना ॲमस्टरडॅमला उतरायचे आणि येताना रोमहून एका आखाती शहरात विमान बदलून मुंबईला परतायचे, असे मल्टी-सिटी तिकीट घेण्याचे ठरले, म्हणजे शेवटी पहिल्या गावी परत येण्यात एक दिवस वाया जाणार नव्हता. मग त्यांनी दुसरा आराखडा केला: ॲमस्टरडॅम ३, पॅरिस ४, ल्युसर्न ४, रोम ४.

चार गावे, वेळेच्या चार तऱ्हा

दुसरा आराखडा पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला होता, पण माझ्या मते त्यात एक विचार राहून गेला होता. रात्री जवळजवळ समान वाटल्या होत्या, जणू प्रत्येक गावी एक दिवस सारख्याच किमतीचा असतो. प्रत्यक्षात प्रत्येक गावी वेळ वेगळ्या कारणाने खर्च होतो, आणि ते कारण ओळखल्याशिवाय रात्रींचा आकडा ठरवता येत नाही. या चार गावांत ती कारणे अगदी स्पष्ट दिसतात, म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावेसे वाटले.

ॲमस्टरडॅमला जाण्याचे कारण एकच होते आणि ते एका तिकिटाला बांधलेले होते. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे आधीच, ठरावीक वेळेची घ्यावी लागतात, आणि ती दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी खुली होतात. तेथील सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे दुपारचे दीड. त्या मंगळवारी दीडला संगणकासमोर बसायचे हे मुलीने स्वतःकडे घेतले. घराच्या जुन्या भागातील जिने अरुंद आणि फार उभे आहेत, त्यामुळे आजी आत जाणार नव्हत्या. आई आणि मुलगी आत जातील आणि आजी मुलासह कालव्याकाठी बसतील, असे ठरले. मे अखेरीस ट्युलिपची शेते पाहायला मिळतील अशी आजींची समजूत होती, परंतु केउकेनहॉफची प्रसिद्ध बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, तेव्हा तो दिवस आपोआप गळाला. उरले ते एक घर, एक नावेची फेरी आणि गावातून फिरणे. त्याला एक पूर्ण दिवस आणि पोहोचण्याच्या दिवसाची संध्याकाळ पुरते.

उन्हाळ्यात मध्य युरोपची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे पहिल्या दोन रात्री माणूस संध्याकाळी पेंगतो आणि पहाटे साडेतीन-चारला टक्क जागा होतो. याचा उपयोग करून घेता येतो. उतरण्याच्या दिवशी कोणतेही वेळेचे तिकीट ठेवू नये, कारण विमान उशिरा येऊ शकते. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळचे पहिले तिकीट घ्यावे, कारण त्या दिवशी आपण आपोआप लवकर उठणार असतो. त्यांनी रविवारी सकाळी नऊचे तिकीट घ्यायचे ठरवले.

पॅरिसमध्ये वेळेवर सत्ता चालते ती वारांची. लूव्र हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात. उलट लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, तर ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे राहते. म्हणून पॅरिसला किती रात्री राहायचे हे ठरवण्याआधी त्या रात्री कोणत्या वारांच्या आहेत हे पाहिले पाहिजे. शनिवार ते मंगळवार अशा तीन रात्री आणि मंगळवार ते शुक्रवार अशा तीन रात्री संख्येने सारख्या असल्या, तरी चित्रे पाहायला आलेल्या माणसासाठी त्यांत मोठे अंतर आहे. याच कारणाने मंगळवारी व्हर्सायला जाणे टाळावे, कारण लूव्र बंद असल्याने त्या दिवशी तेथे गर्दी लोटते.

आयफेल टॉवरचा प्रश्न वेगळ्याच प्रकारचा होता. अंधार पडल्यावर दर तासाला काही मिनिटे त्यावरचे दिवे लुकलुकतात, आणि ते पाहण्याची आजींना हौस होती. परंतु मे अखेरीस पॅरिसमध्ये सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे खरा काळोख साडेदहानंतर. त्यानंतर खोलीवर परतायला मध्यरात्र होणार. ज्या रात्रीनंतरच्या सकाळी गाडी पकडायची आहे ती रात्र यासाठी चालत नाही, म्हणून तीही मधल्या दिवसांत बसवावी लागली. चार रात्रींतून तीन पूर्ण दिवस मिळत होते आणि पत्नीच्या इच्छेला तेवढे आवश्यक होते. व्हर्साय मात्र सोडावे असे मी सुचवले. तो राजवाडा पाहायचा तर एक पूर्ण दिवस जातो, चालणे फार होते आणि तो चौघांपैकी कोणाच्याही पहिल्या पसंतीत नव्हता.

डोंगरावरचा दिवस

सर्वांत अधिक चर्चा ल्युसर्नवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. डोंगरावर वेळ आकाशाच्या हाती असते. रीगी, पिलाटुस, टिटलिस यांपैकी कोणत्याही शिखरावर जाण्यासाठी गाडी किंवा केबल कार ठरल्या वेळी सुटते, परंतु वर ढग असतील तर दहा हातांवरचे दिसत नाही. मे आणि जून हे आल्प्सच्या उत्तर बाजूला पावसाचे महिने आहेत. ज्या कुटुंबाकडे तेथे एकच पूर्ण दिवस आहे ते त्या दिवशी ढग असले तरी वर जाते, कारण दुसरा पर्याय नसतो, आणि मोठी रक्कम खर्चून पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून परत येते. पहिल्या आराखड्यात ल्युसर्नला नेमका एकच पूर्ण दिवस होता. आजींनी आयुष्यभर मनात ठेवलेली एकमेव इच्छा एका दिवसाच्या हवामानावर टांगणे मला मान्य नव्हते.

डोंगरासाठी किती दिवस ठेवावेत याचा माझा निकष असा आहे की, जितक्या शिखरांवर जायचे आहे त्यापेक्षा निदान दोन पूर्ण दिवस अधिक हवेत, आणि त्या दिवसांचे तिकीट आधी काढलेले नसावे. शिखरावरचे कॅमेरे त्या-त्या डोंगरी रेल्वेच्या संकेतस्थळावर सकाळी थेट पाहता येतात. सकाळी सातला उठून कॅमेरा पाहायचा, आकाश मोकळे असेल तर निघायचे, नसेल तर सरोवरातील बोट, गावातला चौदाव्या शतकातला लाकडी पूल किंवा परिवहन संग्रहालय. आजींसाठी दोन शिखरे निवडली: रीगी आणि टिटलिस. रीगीची उंची १,७९८ मीटर आहे, व्हिट्झनाऊहून वर जाणारी दातेरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली आणि युरोपातील या प्रकारची ती पहिली डोंगरी रेल्वे आहे. गाडी माथ्याच्या अगदी जवळ नेते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. टिटलिसवर केबल कार ३,००० मीटरच्या वर जाते आणि तेथे उन्हाळ्यातही बर्फ असते. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे आणि त्याचे आकर्षण पतीला होते, परंतु ल्युसर्नहून जाऊन-येऊन सबंध दिवस आणि बरीच उंची, असे दोन्ही त्यात येते. आजींना बर्फ पाहायचे होते. ते टिटलिसवर मिळणार होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने तीन हजार मीटरवर जाण्याबद्दल त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेही ठरले.

दोन शिखरे अधिक दोन दिवस म्हणजे चार पूर्ण दिवस, म्हणजे पाच रात्री. दुसऱ्या आराखड्यात चार होत्या. पाचवी कोठून आणायची?

रोममधून ती काढता येत नव्हती. ल्युसर्नहून रोमला जायचा दिवस सर्वांत लांब होता: गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून मिलानपर्यंत साडेतीन तासांच्या आसपास, तेथे गाडी बदलून रोमपर्यंत आणखी सुमारे तीन तास. विमानाचा विचार झाला, पण ल्युसर्नहून झुरिकचा विमानतळ, तेथे दोन तास आधी पोहोचणे, उड्डाण, रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून शहर, हे सर्व मोजल्यावर बचत तासाभराचीही निघेना. मिलानला एक रात्र थांबून प्रवास तोडण्यात एक मुक्काम वाढणार आणि एक पूर्ण दिवस जाणार होता, म्हणून तेही नाकारले. शिवाय रोममध्ये वेळ खाते ते ऊन आणि दगडी रस्ते. जूनमध्ये दुपारी बारा ते चार बाहेर फिरणे ज्येष्ठांना झेपत नाही आणि जुन्या भागातील लहान चौकोनी दगडांचे रस्ते गुडघ्यांना हादरे देतात. तेव्हा तेथील प्रत्येक दिवस सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांचाच धरावा लागतो. कोलोसियम आणि फोरम, व्हॅटिकनची संग्रहालये, पँथिऑन आणि त्याभोवतीचे चौक, इतके पाहायला तीन पूर्ण दिवस लागतातच.

पॅरिसमधून एक रात्र काढली तर पत्नीच्या वाट्याचे दोनच दिवस उरत होते. राहिले ॲमस्टरडॅम. तेथे तीन रात्रींची गरज नव्हती हे वर आलेच आहे. म्हणून तिसरा आराखडा असा झाला: ॲमस्टरडॅम शनिवार ते सोमवार २ रात्री, पॅरिस सोमवार ते शुक्रवार ४, ल्युसर्न शुक्रवार ते बुधवार ५, रोम बुधवार ते रविवार ४. पूर्ण दिवस पूर्वीइतकेच, अकरा. पण आता ते जेथे लागणार होते तेथे होते.

या बदलाला दोन गोष्टींची अनपेक्षित साथ मिळाली. पहिली व्हिसाची. शेंगेन गटातील २९ देशांसाठी एकच व्हिसा चालतो, परंतु अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे, आणि असा एक देश ठरवता येत नसेल तर ज्या देशातून गटात प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. दुसऱ्या आराखड्यात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली तिन्ही ठिकाणी चार-चार रात्री होत्या आणि प्रवेश चौथ्याच देशातून, नेदरलँड्समधून होता. अशा अर्जात शंका निघायला जागा राहते. ल्युसर्नला पाच रात्री झाल्यावर स्वित्झर्लंड निर्विवाद ठरले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या देशाच्या भेटीची वेळ लवकर मिळते तेथे अर्ज करण्यासाठी कागदावर रात्री वाढवायच्या आणि नंतर त्या खोल्या रद्द करायच्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नये आणि घेऊ नये. अर्जातील कार्यक्रम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम एकच असला पाहिजे. सीमेवर त्याविषयी विचारले जाऊ शकते आणि पुढच्या अर्जावरही त्याची छाया पडू शकते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून रात्रींचा निर्णय लवकर झाला तर घाई करावी लागत नाही.

दुसरी साथ रेल्वेच्या पासची. परदेशी प्रवाशांसाठीचा सलग दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. पाच दिवसांचा मिळत नाही. चार रात्री राहिले तर तारखा पाच होतात, मग चारचा पास तोकडा आणि सहाचा जादा. पाच रात्रींच्या तारखा सहा: सीमेवरील बाझेलहून ल्युसर्नला जाणारी शुक्रवारची गाडी पहिल्या दिवसात आणि बुधवारी इटलीच्या सीमेपर्यंतचा प्रवास सहाव्या दिवसात. रीगीची रेल्वे आणि सरोवरातील बोटी या पासवर चालतात, टिटलिसला निम्मे भाडे पडते आणि १६ वर्षांखालील मुलगी आईवडिलांबरोबर विनामूल्य जाते. पाससाठी रात्री बदलाव्यात असे मी कधीच म्हणणार नाही, पण ठरलेल्या रात्रींना तो नेमका बसत असेल तर खर्चाची चिंता हलकी होते.

फ्लॉरेन्सचा आग्रह

पत्नीचे म्हणणे असे होते की, रोमहून फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तासावर आहे, मग एक दिवस जाऊन-येऊन उफिझी संग्रहालय आणि मायकेलअँजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा का पाहू नये? तीन तासांचा प्रवास म्हणजे पुण्याहून मुंबईला जाण्याइतकाच. मुद्दा खरा होता. एका गावी तळ ठेवून जवळचे गाव दिवसभरात पाहून येणे हा मुक्काम न वाढवता आणखी एक ठिकाण मिळवण्याचा उत्तम मार्ग आहे, आणि इतर अनेक सहलींत मी तो सुचवतो. परंतु रोमच्या तीन पूर्ण दिवसांपैकी एक त्यात गेला असता आणि व्हॅटिकन व कोलोसियम लागोपाठच्या दोन दिवसांत आले असते. आजींना हे झेपणार नव्हते. पत्नी आणि मुलगी दोघींनीच जावे, असा मधला मार्ग पतीने सुचवला. त्यावर पत्नीने स्वतःच नकार दिला, कारण पॅरिसमध्ये तिला तीन दिवस मिळणार होते आणि रोम हे पतीचे ठिकाण होते. हा निर्णय तिने मनापासून घेतला असला तरी तो सोपा नव्हता, आणि आखणी करणाऱ्याने तो सोपा असल्यासारखे वागू नये.

अंमल आणि परिणाम

ॲमस्टरडॅमचे दोन दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले. घरातून बाहेर आल्यावर मुलगी बराच वेळ काही बोलली नाही आणि तिला कालव्याकाठी आजींजवळ बसून राहायचे होते. पुढे नावेचे तिकीट ठरलेल्या वेळेचे नसल्यामुळे ते शक्य झाले. एका मोठ्या अनुभवाच्या दिवशी दुसरे काही वेळेला बांधून ठेवू नये, हे येथे उपयोगी पडले. ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटन कर पडतो, तेव्हा तिसरी रात्र वाचल्याने खर्चही थोडा उतरला.

पॅरिसमध्ये मंगळवारी सेन नदीतील बोट आणि रात्री उशिरा आयफेल, बुधवारी सकाळी विश्रांती आणि दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत लूव्र, गुरुवारी दुपारनंतर ओर्से, असा क्रम ठेवला. संध्याकाळी सहानंतर लूव्रमधली गर्दी ओसरली आणि आजींना बसायला बाके मिळाली. ज्या संग्रहालयासाठी सकाळी आठपासून रांग लावायची त्यांची तयारी होती, ते त्यांनी आरामात पाहिले.

ल्युसर्नला शनिवारी पाऊस होता. रविवारी पाऊस थांबला, पण सकाळच्या कॅमेऱ्यात दोन्ही शिखरे ढगांत होती. रविवारी स्वित्झर्लंडमध्ये स्टेशनबाहेरची बहुतेक किराणा दुकाने बंद असतात; तांदूळ, दही आणि भाजी शनिवारीच आणून ठेवली होती, कारण त्यांनी स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे यंत्र असलेले घर भाड्याने घेतले होते. पाच रात्री एका ठिकाणी राहण्याचा हा लाभ कोणत्याही यादीत दिसत नाही: सहलीच्या मध्यावर सर्व कपडे धुऊन निघाले आणि आजींना दोन दिवस वरणभात मिळाला. सोमवारी सकाळी आकाश निळे होते. साडेसातला निघून ते टिटलिसवर गेले आणि आजींनी बर्फ हातात घेतले. मंगळवारी पातळ ढग होते, तरी रीगीवरून सरोवरे दिसली. पहिल्या आराखड्याप्रमाणे एकच पूर्ण दिवस असता आणि तो शनिवारी किंवा रविवारी आला असता, तर हे घडले नसते. 

रोमचा भाग मात्र अपेक्षेइतका मोकळा गेला नाही, आणि ते नोंदवले पाहिजे. बुधवारचा प्रवास मिलानच्या पुढे गाडी उशिरा धावल्याने आणखी लांबला. गुरुवारी सकाळी आजींचे गुडघे सुजले होते, त्या खोलीतच थांबल्या आणि कोलोसियम इतर तिघांनी पाहिले. तेथील तिकिटे नावानिशी आणि वेळेची असतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवसावर नेता आली नाहीत. शुक्रवारी व्हॅटिकनला आजी आल्या, शनिवारी सकाळी पँथिऑनपर्यंत टॅक्सीने गेल्या. त्यांच्या वाट्याला रोमचे दीडच दिवस आले.

परतल्यावर कुटुंबात यावर चर्चा झाली की ल्युसर्नची एक रात्र रोमला द्यायला हवी होती का. पतीचे मत तसे आहे. मंगळवारी रीगी झाले नसते तर चालले असते आणि मंगळवारीच रोमला पोहोचून बुधवार विश्रांतीचा ठेवता आला असता, असे ते म्हणतात. माझे मत वेगळे आहे. सोमवारी आकाश उघडेल हे शुक्रवारी कोणालाही ठाऊक नव्हते, आणि ते मंगळवारी उघडले असते तर काढून घेतलेली रात्र हीच नेमकी हवी असलेली रात्र ठरली असती. बदल करायचाच झाला, तर तो मी रात्रींच्या संख्येत न करता रोममधील क्रमात करीन: लांब प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी वेळेचे कोणतेही तिकीट न ठेवता कोलोसियम शनिवारी सकाळी घ्यायचे आणि गुरुवार पँथिऑनसारख्या जवळच्या ठिकाणांसाठी मोकळा सोडायचा. आजींना हा वाद मान्य नाही. पुन्हा जायचे तर त्यांना ल्युसर्नला सहा रात्री हव्या आहेत.